वजन आणि जगणं: प्रश्नावली हातात घेतल्यावर विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आठवड्यातून दोन दिवस ऐरोलीलाही बसते. पहिल्या भेटीत वजन, उंची आणि कमरेचा घेर घेऊन झाला की मी समोरच्याच्या हातात दोन पानी प्रश्नावली देते. वजनामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात काय काय अडतं, हे त्यात विचारलेलं असतं. लोक ती उलटसुलट करून बघतात आणि आधी मलाच प्रश्न विचारतात. गेल्या काही वर्षांत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

काट्यावर आकडा दिसतोच आहे. मग एवढे प्रश्न कशाला?

दोन बायका डोळ्यांसमोर आणा. दोघींची उंची 158 सेंटीमीटर, वजन 68 किलो. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, तो दोघींचा 27.2. पहिली वर्तकनगरला तळमजल्यावर राहते, शाळेत शिकवते, सकाळी उपवन तलावाला चक्कर मारून येते. तिची काहीच तक्रार नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले यावेत एवढंच तिला हवंय. दुसरी कोपरखैरणेला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे धरतात म्हणून दिवसातून एकदाच खाली उतरते, आणि तेवढ्यासाठी तिचं मंगळवारचं भजनी मंडळ सुटलं. माझ्या फाइलीत या दोघींचं पहिलं पान सारखंच दिसतं. फरक कळतो तो दुसऱ्या पानावर.

बीएमआयच्या सूत्राचा जन्मही लक्षात ठेवावा असा आहे. 1832 साली अ‍ॅडॉल्फ केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने वजन आणि उंचीचं हे नातं मांडलं. लोकसमूहातला ‘सरासरी माणूस’ कसा असतो, हे त्याला शोधायचं होतं. कोणाची तब्येत तपासायचा त्याचा हेतू नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव 1972 साली अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. एका माणसाचं जगणं या सूत्रातून वाचता येईल, असं दोघांच्याही मनात नव्हतं.

‘जीवनमान’ म्हणजे नक्की काय मोजता? आमचं घर, पगार वगैरे?

ते राहणीमान. मराठीत हे दोन शब्द इतके जवळ आहेत की निम्मे लोक गोंधळतात, आणि एका काकांनी तर पहिल्या प्रश्नासमोर ‘टू बीएचके, कासारवडवली’ असं लिहून दिलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आमचा शब्द अपुरा पडला. तेव्हापासून मी तोंडाने ‘जगणं’ म्हणते.

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मला आवडते. आपण ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांमध्ये राहतो तिथे, आपल्या अपेक्षा, उद्दिष्टं आणि काळज्या यांच्या संदर्भात, आपल्या आयुष्यातल्या स्थानाबद्दल आपल्याला स्वतःला काय वाटतं, ते जीवनमान. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, उत्तर तुमचं हवं, डॉक्टरांचं किंवा माझं नाही. दुसरी, संस्कृती हा शब्द व्याख्येतच आहे. या संघटनेने आपली प्रश्नावली एका देशात लिहून इतरांना वाटली नाही. जगातल्या 15 केंद्रांवर ती एकाच वेळी तयार झाली, आणि त्यांत नवी दिल्ली आणि तेव्हाचं मद्रासही होतं. मूळ प्रश्न 100 होते, रोजच्या वापरासाठी 26 प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे. शरीर, मन, माणसांशी नाती आणि आजूबाजूची परिस्थिती असे तिचे चार भाग आहेत.

मग वजनासाठी वेगळी प्रश्नावली का लागते?

सर्वसाधारण प्रश्नावलीत दमा, संधिवात, बाळंतपणानंतरचा थकवा असं सगळं एकाच टोपलीत पडतं. वजनाचा वाटा वेगळा काढायचा तर प्रश्नही वजनावरच रोखलेले हवेत.

या कामात रोनेट कोलोट्किन यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. अमेरिकेत लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या लोकांशी बोलून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘इम्पॅक्ट ऑफ वेट ऑन क्वालिटी ऑफ लाइफ’ ही प्रश्नावली बांधली. 1995 सालच्या आवृत्तीत 74 प्रश्न होते. 2001 साली त्याची 31 प्रश्नांची ‘लाइट’ आवृत्ती आली आणि तीच जगभर पसरली. तिचे पाच भाग: शारीरिक हालचाल 11 प्रश्न, स्वतःबद्दलची भावना 7, लैंगिक जीवन 4, चारचौघांत होणारी कुचंबणा 5 आणि काम 4. प्रत्येक वाक्याची सुरुवात वजनाच्या उल्लेखाने होते आणि ‘नेहमी खरं’पासून ‘कधीच खरं नाही’पर्यंत पाच पर्याय असतात. शेवटी 0 ते 100 असे गुण काढतात, 100 म्हणजे वजनाचा जगण्यावर काहीही भार नाही. औषधांच्या चाचण्यांसाठी पुढे 20 प्रश्नांची आणखी एक आवृत्ती निघाली. सेमाग्लुटाइड या वजन कमी करण्याच्या इंजेक्शनच्या ज्या चाचण्यांची वर्तमानपत्रांत चर्चा झाली, त्यांत ती वापरली गेली.

या प्रश्नावलीचे हक्क राखीव आहेत, वापरायला परवानगी लागते. म्हणून तिचे प्रश्न मी इथे जसेच्या तसे दिलेले नाहीत.

इंग्रजी तयार आहे, तर मोबाइलवर मराठी करून घ्या. त्यात एवढं काय अवघड?

या उत्तरात मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख इथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी एका संशोधक विद्यार्थिनीच्या भाषांतराच्या बैठकांना मी बसले होते. रीत ठरलेली असते. दोन जण स्वतंत्रपणे इंग्रजीतून मराठी करतात. दोन्ही मसुदे एकत्र बसून जुळवतात. मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही असा तिसरा माणूस मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो, आणि कुठे अर्थ निसटला ते सापडतं. शेवटी ते मराठी सामान्य माणसांपुढे ठेवून एकेका वाक्यावर विचारायचं, ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, आणि खरं शहाणपण तिथेच मिळतं.

जुन्या, सर्वसाधारण आरोग्याच्या एका प्रश्नावलीत ‘एक ब्लॉक चालता येतं का’ असं आहे. अमेरिकेत ब्लॉक म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचं अंतर. ठाणे-डोंबिवलीत ब्लॉक म्हणजे राहायचं घर. पाचपाखाडीच्या एका आजोबांनी गंभीरपणे विचारलं, ‘कुठल्या खोलीपासून कुठल्या खोलीपर्यंत?’ शेवटी ‘कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चालत जाऊन येणं’ असं केलं. त्याच प्रश्नावलीत मध्यम कष्टाच्या कामांची उदाहरणं म्हणून टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ आहेत. आपल्याकडे तिथे लादी पुसणं आणि पाण्याने भरलेली बादली उचलणं आणावं लागतं, नाहीतर नौपाड्यातली गृहिणी ‘मी हे करतच नाही’ म्हणून पुढे जाते.

पायांचा प्रश्न मात्र मला सगळ्यात शिकवून गेला. वजनाच्या इंग्रजी प्रश्नावलीत विचारलं आहे की पाय एकमेकांवर टाकता येतात का. पहिल्या मसुद्यात ‘पायावर पाय टाकून बसणं’ आलं. ऐरोलीच्या एका आजींनी ते वाक्य ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, ‘मी कशाला पायावर पाय टाकून बसू? मोठ्यांसमोर असं बसतात का?’ पर्याय निवडला, ‘कधीच नाही’. म्हणजे कागदावर त्यांना काही त्रास नव्हता. दुसऱ्या मसुद्यात ‘मांडी घालून बसणं’ घेतलं, तर त्याच आजी गप्प झाल्या. मग सांगू लागल्या, की दोन वर्षं झाली, सत्यनारायणाला खुर्चीवर बसते, पंगतीत बसत नाही, आणि खुर्चीवर बसून देवाला हात जोडताना बरं वाटत नाही. म्हणताना त्यांचा हात सारखा उजव्या गुडघ्यावर फिरत होता.

खरं तर मांडी घालणं आणि पायावर पाय टाकणं या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या हालचाली आहेत. मांडीला गुडघा जास्त मुडपावा लागतो आणि जमिनीवरून उठायचंही असतं. मग शब्दाला धरून राहायचं की अर्थाला? माझं मत पक्कं आहे: अर्थाला. मूळ प्रश्नाला हे जाणून घ्यायचं होतं की रोजची, साधी, चारचौघांत करायची बैठक जमते का. आपली रोजची बैठक मांडी आहे. बुटाच्या नाड्या बांधण्याचंही तेच. ज्या मावशी बारा महिने चपला घालतात त्यांना नाड्यांचं विचारून काय मिळणार? त्यांना पायाची नखं कापता येतात का आणि साडीच्या निऱ्या खालून सारख्या करता येतात का, ते विचारा. आणि उकिडवं बसणं तर कुठल्याच परदेशी प्रश्नावलीत मला दिसलं नाही. गावाकडे आणि चाळीत अजून भारतीय पद्धतीचं शौचालय आहे, तिथे बसून उठता न येणं ही किती मोठी अडचण आहे, ते ज्याचं त्यालाच माहीत.

‘तब्येत कशी आहे’ एवढा साधा प्रश्न पुरत नाही का?

मराठीत तर अजिबात नाही. ‘काय, तब्येत सुधारली की!’ म्हणजे तुमचं वजन वाढलं. ‘तब्येत उतरली’ म्हणजे वजन घटलं, आणि ते ऐकवताना समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी असते. अंगाने भरली, खात्यापित्या घरची दिसते, बाळसं धरलं, हे सगळं कौतुक आहे. पगार लठ्ठ असला तर चांगलाच, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे तो मोठा माणूस. त्याच भाषेत ‘सुटलीस गं’ आणि ‘ढोली’ही आहेत, आणि ते लग्न ठरायच्या वयात मुलीला किती लागतात हे मला रोज दिसतं.

म्हणून आम्ही वजनाबद्दलच्या प्रश्नांत ‘तब्येत’ हा शब्द टाळतो. ‘लठ्ठपणा’सुद्धा कमीत कमी वापरतो. ‘जास्त वजन’ म्हटलं की लोक मोकळेपणाने बोलतात.

सार्वजनिक जागेच्या प्रश्नात सीट, खुर्ची, फाटक असं आहे. ते आमच्याकडे कसं लागू होतं?

मूळ प्रश्नांत थिएटरच्या, विमानाच्या, हॉटेलच्या खुर्च्या आहेत. आपल्याकडे गडकरी रंगायतनच्या खुर्चीबद्दल विचारता येतं, वाशीच्या भावे नाट्यगृहातल्याही. पण ठाण्याच्या माणसाची रोजची सीट लोकलची. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट ही इथे हक्काची गोष्ट आहे. कोणी विचारलं की सरकून द्यायचं असतं, त्याबद्दल भांडण होत नाही. आणि जो सरकूनही चौथ्याला जागा करून देऊ शकत नाही, त्याच्याकडे पूर्ण डबा बघतो.

कळव्याहून येणाऱ्या, कोर्टात नोकरी करणाऱ्या एका ताईंनी मला सांगितलं की त्या सीट मिळाली तरी बसत नाहीत. दारापासून आत, दोन बाकांच्या मधल्या जागेत उभ्या राहतात. मी विचारलं, गर्दीमुळे? त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. म्हणाल्या, ‘मी बसले की चौथी माझ्याकडे बघते, मग तिसरी सुस्कारा टाकते. त्यापेक्षा पाय दुखलेले परवडले.’ छापील प्रश्न होता सीटमध्ये मावण्याबद्दल. त्यावर त्यांनी आधी ‘क्वचित’वर खूण केली होती, कारण त्या बसतच नाहीत तर न मावण्याचा प्रश्न येतो कुठे! टाळल्यामुळे त्रास दिसेनासा होतो, प्रश्नावलीची ही फार मोठी फट आहे. तेव्हापासून मी जोडीला विचारते, ‘वजनामुळे तुम्ही कुठे जायचं किंवा बसायचं सोडलंय का?’

शेअर रिक्षातही तेच, मागे तिघांत बसताना. फाटकाचा, म्हणजे एकेकाने आत जायच्या अरुंद वाटेचा प्रश्न पूर्वी लोकांना कळायचाच नाही, कारण लोकलच्या स्टेशनवर तशी फाटकं नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून नवी मुंबईतले लोक हा प्रश्न न समजावता सोडवतात.

माझे गुडघे वजनामुळे दुखतात की वयामुळे, हे मला कसं कळणार?

कळणार नाही, आणि ते ठीक आहे. ‘वजनामुळे’ या एका शब्दात प्रश्नावली तुमच्याकडून कारण शोधून घेते. एखाद्या देशात लोक प्रत्येक दुखण्याचं खापर वजनावर फोडतात. आपल्याकडे ते वयावर, वातावर, थायरॉइडवर किंवा ‘दुसऱ्या बाळंतपणानंतर असंच झालं’ यावर फुटतं. दुखणं तेवढंच असतं, गुण मात्र वेगळे येतात. म्हणून मी वजनाची प्रश्नावली एकटी कधीच देत नाही. सोबत सर्वसाधारण प्रश्न ठेवते, ज्यांत कारण विचारलेलं नसतं. दोन्हींत फार तफावत दिसली तर बोलायला विषय मिळतो.

लैंगिक जीवनाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं द्यावीच लागतात का?

नाही. तो भाग कोरा सोडलात तर बाकीचे भाग वाया जात नाहीत, प्रत्येक भागाचे गुण वेगळे काढतात. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, बऱ्याच जणींच्या मनात बोलायचं असतं, शब्द नसतात. ‘लैंगिक’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला वाटतो. ‘नवरा-बायकोचे संबंध’ म्हटलं की अविवाहित, विधवा, घटस्फोटित सगळ्या बाहेर पडतात. मी कागद देऊन खोलीबाहेर जाते आणि ‘मला लागू नाही’ असा सहावा चौकोन ठेवते. ‘लागू नाही’ आणि ‘त्रास नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो मिसळला तर आकडे खोटं बोलतात.

सासूबाईंना/आईला वाचता येत नाही. मी शेजारी बसून भरून दिलं तर चालेल?

वाचून दाखवा, भरू नका. आणि शक्य असेल तर वाचून दाखवायचं काम माझ्या मदतनीस मुलीला करू द्या. घरच्यांसमोर माणूस वेगळं बोलतो. मुंब्र्याच्या एका घरात मी ‘जिने चढताना दम लागतो का’ असं विचारलं. सुनेच्या आधी सासूबाईंनी उत्तर दिलं, ‘तिला कशाला दम लागेल, तरुण आहे ती.’ सुनेने मान हलवली आणि मी ‘कधीच नाही’ लिहिलं. महिन्याने ती एकटी आली तेव्हा तेच उत्तर ‘बऱ्याचदा’ झालं.

आणखी एक. ‘मला कधीच त्रास होत नाही’ अशा नकारार्थी वाक्याला मराठीत ‘हो’ म्हटलं तर त्रास नाही असा अर्थ, पण बरेच जण सवयीने ‘नाही’ म्हणतात आणि त्यांनाही तेच सांगायचं असतं. म्हणून तोंडी विचारताना मी सगळी वाक्यं होकारार्थी करून घेते.

आपले गुण अमेरिकेतल्या किंवा दुसऱ्या देशातल्या लोकांशी ताडून बघता येतात का?

फार जपून. भाषांतर झालं म्हणजे मोजमाप तेच झालं असं नाही. संख्याशास्त्रात यासाठी पायऱ्या आहेत. आधी बघतात की दोन्हीकडे प्रश्नांचे गट सारखेच पडतात का. मग, प्रत्येक प्रश्नाचं आपल्या गटाशी नातं तेवढंच घट्ट आहे का. मग, सारखाच त्रास असलेली इथली आणि तिथली माणसं त्या प्रश्नावर सारखाच पर्याय निवडतात का. ही शेवटची पायरी पार केल्याशिवाय दोन देशांच्या सरासऱ्या शेजारी मांडणं बरोबर नाही. फक्त क्रोनबाखचा अल्फा 0.7 च्या वर आला म्हणून तुलना सुरू करणारे अहवाल मला वाचवत नाहीत. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न आपापसांत जुळतात.

शिवाय शरीराचा अर्थच जागोजागी वेगळा. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात मुलींना लग्नाआधी दूध आणि अन्न बळजबरीने भरवून जाड करण्याची प्रथा होती, कारण तिथे जाडपणा हे घरच्या सुबत्तेचं आणि सौंदर्याचं लक्षण. फिजीतही भरदार शरीर चांगलं मानलं जायचं. 1995 साली तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला, आणि अ‍ॅन बेकर या संशोधिकेने 1998 मध्ये शाळकरी मुलींना पुन्हा विचारलं तेव्हा बारीक होण्याची ओढ आणि खाण्यासंबंधीचे बिघाड स्पष्ट वाढलेले होते. तीन वर्षांत! 2011 मध्ये अलेक्झांड्रा ब्रूइस आणि सहकाऱ्यांनी दहा ठिकाणच्या लोकांची मतं तपासली, तेव्हा जिथे पूर्वी जाडपणाचं कौतुक होतं तिथेही जाड माणसाला आळशी समजण्याची कल्पना पोहोचल्याचं दिसलं. एका देशाच्या आतही फरक असतो. अमेरिकेत वजन तेवढंच असताना कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वतःबद्दलच्या भावनेत गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी त्रास नोंदवल्याचे अभ्यास आहेत. वजन एकच, आरसा वेगळा.

ठाण्यातही तीन आरसे एका घरात असतात. आजीला नात वाळलेली दिसते, आईला ठीक दिसते, आणि नात मोबाइलवरचे फोटो बघून जेवण सोडते.

आपल्याकडे 23 च्या पुढेच वजन जास्त का धरतात? परदेशात तर 25 आहे.

कारण आपली चरबी लवकर आणि पोटावर जमते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2 टक्के. हा फोटो मी दवाखान्यात दाखवते, बाकी काही समजवावं लागत नाही. 2009 च्या भारतीय तज्ज्ञांच्या शिफारशीत 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरला आहे. कमरेचा घेर पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटीमीटरच्या आत हवा.

जगण्याच्या मोजमापावर याचा परिणाम होतो. 26 बीएमआयचा माणूस इथे वैद्यकीय भाषेत लठ्ठ, पण त्याला स्वतःला काहीच अडचण नसते आणि त्याचे गुण 95 येतात. तो खोटं बोलत नाही. साखर वाढल्याचं जाणवत नाही, म्हणून प्रश्नावलीत दिसत नाही. तेव्हा गुण चांगले आले तरी रक्त तपासायचं टाळू नका.

मी फार बारीक आहे. माझ्यासाठी काही प्रश्नावली आहे का?

वजनावरच्या बहुतेक प्रश्नावल्या जास्त वजनासाठीच लिहिलेल्या आहेत, याचं मला वाईट वाटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के बायकांचं वजन जास्त होतं, आणि त्याच वेळी 18.7 टक्के बायकांचं कमी. तुम्हाला मी जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली देते. ‘बारीक आहेस, काही खात नाहीस का’ हे रोज ऐकणंसुद्धा जगण्यावरचा भारच आहे.

मुलांसाठी वेगळी असते का?

हो, 11 ते 19 वयासाठी 27 प्रश्नांची आहे, 2006 सालची. त्यात कामाच्या भागाऐवजी मित्रमंडळी आणि घरच्यांशी नातं येतं. मुलाला स्वतःला भरू द्या, आईबाबांनी बाहेर थांबावं.

गुण किती वाढले म्हणजे खरा फरक पडला असं धरायचं?

31 प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत, सुरुवातीला त्रास किती होता त्यानुसार, साधारण 7.7 ते 12 गुणांची वाढ झाली तर ती अर्थपूर्ण मानतात. दोन-तीन गुण इकडेतिकडे होतात, त्या दिवशी ट्रान्सहार्बरची लोकल उशिरा धावली तरी होतात. त्यामुळे दर आठवड्याला भरायचा हट्ट करू नका. तीन महिन्यांनी पुरे.

वजन उतरलं की हे सगळं आपोआप सुधारतं ना?

शरीराच्या हालचालीचे गुण बहुतेकांचे लवकर सुधारतात. चप्पल घालणं, जिना, दम. मनाचे गुण मागे रेंगाळतात. स्वीडनमध्ये 1987 पासून सुरू झालेल्या, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांवरच्या मोठ्या अभ्यासात लोकांना दहा वर्षं विचारत राहिले. पहिल्या वर्षी जगणं सगळ्यात सुधारलेलं होतं. पुढे वजन थोडं परत वाढलं तसे गुण उतरले, नंतर स्थिरावले, पण ज्यांनी उतरवलेलं वजन टिकवलं त्यांचं जगणं दहाव्या वर्षीही आधीपेक्षा चांगलं होतं. सध्या इंजेक्शनं घेणारे बरेच जण माझ्याकडे येतात, त्यांनाही मी हेच सांगते: पहिल्या सहा महिन्यांचा आनंद खरा आहे, आणि प्रश्नावली वर्षानंतरही भरायची आहे.

माझे गुण फारच कमी आले. याचा अर्थ काय?

सध्या वजनामुळे तुमचं जगणं खूप अडतंय, एवढाच. तुम्ही कमकुवत आहात असा अर्थ नाही. मी आधी बघते की गुण कुठल्या भागात गेले. हालचालीत गेले असतील तर फिजिओथेरपिस्ट, गुडघ्याचे डॉक्टर. स्वतःबद्दलच्या भावनेत गेले असतील तर आहाराचा तक्ता मी बाजूला ठेवते, कारण मन बुडालेलं असताना मोजूनमापून खायला सांगणं क्रूरपणा आहे. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीतून बोलता येतं. डॉक्टरांकडे जाताना भरलेला कागद सोबत न्या. पूर्वी एका ठिकाणी एका बाईंना बीएमआय बघून, डोकं वर न करता ‘खाणं कमी करा’ एवढंच सांगितलं होतं. त्यांनी पुढच्या वेळी कागद टेबलावर ठेवला आणि बोटाने तीन ओळी दाखवल्या. त्या दिवशी त्यांच्याशी वीस मिनिटं बोलणं झालं.

प्रश्नावलीत नाही असं काही सांगायचं असेल तर?

मागची बाजू कोरी ठेवली आहे ती त्यासाठीच. लोक तिथे लिहितात. ‘ब्लाउज शिवायला टाकताना टेलर माप मोठ्याने बोलतो.’ ‘स्टेशनच्या पुलावर मागचे लोक घाई करतात.’ घणसोलीच्या एका बाईंनी लिहिलं होतं की हळदीकुंकवाला आता त्या दारातूनच परत फिरतात. सतरंजीवर बसलं की उठायला दोघींचा हात लागतो, आणि वाण घेऊन उभ्या राहिलेल्या बायका तोवर थांबून बघतात. वाक्य तिथेच अर्धं सोडलं होतं. या जानेवारीत त्यांच्या सोसायटीत मी जाणार आहे. सतरंजीच्या कडेने चार खुर्च्या मांडायच्या, आणि पहिल्या खुर्चीवर मी स्वतः बसायचं, असं आमचं ठरलंय.